यंत्राची रोजकीर्द आणि तिचा तपासनीस

जुन्या पेढीवर दिवेलागणीच्या वेळीं एक विधि न चुकतां होत असे. दिवसभराच्या जमेची आणि खर्चाची बेरीज होई, तिजोरींतील रोकड मोजली जाई आणि दोहोंचा मेळ बसल्यावांचून मुनीम घरीं जात नसे. मेळ एका पैशानें चुकला तरी सारी कीर्द पुन्हा तपासली जाई. पैशाची किंमत फार म्हणून नव्हे. जेथें एका पैशाचा पत्ता लागत नाहीं तेथें हजार रुपयांचाही लागणार नाहीं, हें पेढीवाल्यास ठाऊक असे म्हणून. आज पेढीची जागा संगणकानें घेतली आहे. बँकेचें खातें, शाळेचा दाखला, रुग्णालयांतील कागद, शेताचा सातबारा, हें सर्व आतां यंत्रांत जाऊन बसलें आहे. तेव्हां साहजिकच प्रश्न येतो कीं, या यंत्राची रोजकीर्द कोण लिहितो, ती कोठें ठेवली जाते आणि सायंकाळीं तिचा मेळ कोण घालतो?

प्रत्येक मोठा संगणक आपल्या कामाचा वृत्तांत स्वतःच लिहीत असतो. कोण आला, केव्हां आला, कोणतें खातें उघडलें, कोणता आंकडा बदलला, केव्हां गेला, अशा नोंदी ओळीमागून ओळ होत असतात. या वृत्तांतास त्या धंद्यांत 'लॉग' म्हणतात. शब्द जहाजावरचा आहे. पूर्वीं गलबताचा वेग मोजण्यासाठीं दोरी बांधलेला लांकडाचा तुकडा पाण्यांत सोडीत. लांकडाच्या ओंडक्यास इंग्रजींत लॉग म्हणतात, म्हणून वेगाचे आंकडे ज्या वहींत लिहीत ती लॉगबुक झाली. पुढें तींत वारा, दिशा, वादळें, अपघात, सर्वच येऊं लागलें. समुद्रावर काय घडलें तें किनाऱ्यावर बसलेल्या मालकास या वहीवरून कळे. संगणकाच्या नोंदवहीचें कामही तेंच आहे. जो त्या वेळीं तेथें हजर नव्हता त्यास घडलेली गोष्ट खरेपणानें कळविणें, हा तिचा हेतु.

या वहीचें मोल जगाच्या ध्यानांत आणून देणारी एक हकीकत अमेरिकेंतील आहे. कॅलिफोर्नियामध्यें बर्कली येथें लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा नांवाची प्रसिद्ध संशोधनसंस्था आहे. तेथें क्लिफर्ड स्टॉल नांवाचे एक खगोलशास्त्रज्ञ होते. दुर्बिणीच्या कामासाठीं मिळणारा पैसा संपल्यामुळें १९८६ सालीं त्यांस संगणक-विभागांत घेण्यांत आलें. त्या काळीं संगणकाचा वेळ मोजून दिला जाई आणि त्याचें बिल होई. हा हिशेब ठेवणाऱ्या दोन स्वतंत्र योजना त्या संस्थेंत होत्या. एक यंत्राबरोबर आलेली, दुसरी संस्थेतील माणसांनीं रचलेली. दोन्ही हिशेब जुळावयाचे; परंतु त्या महिन्यांत ते जुळेनात. फरक होता अवघ्या ७५ सेंटांचा, म्हणजे पाऊण डॉलराचा. नव्या माणसाचा हात बसावा म्हणून हा फरक शोधण्याचें काम स्टॉल यांच्याकडे देण्यांत आलें.

दुसऱ्या एखाद्यानें पदरचा पाऊण डॉलर घालून प्रकरण मिटविलें असतें. स्टॉल यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं नोंदी ओळीनें वाचल्या. तेव्हां असें दिसून आलें कीं, कोणी तरी सुमारें ९ सेकंद यंत्र वापरलें आहे आणि त्याचें बिल ज्याच्याकडे पाठवावें असा मनुष्यच नाहीं. 'हंटर' या नांवाचें एक खातें यंत्रांत होतें, पण त्यास बिलाचा पत्ता नव्हता. पुढें असेंही दिसलें कीं, परदेशीं गेलेल्या एका जुन्या सहकाऱ्याचें खातें कोणी भलताच वापरीत आहे. कोकिळा आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत ठेवते आणि कावळा तें आपलें समजून उबवितो. तसा कोणी परका या यंत्रांत आपलें अंडें ठेवून गेला होता, आणि यंत्र त्यास घरच्याच माणसाचे, किंबहुना घरधन्याचे, सारे अधिकार देत होतें.

आतां अडचण अशी कीं, ज्याच्या हातीं घरधन्याचे अधिकार आले तो यंत्रांतील नोंदवहीही उघडूं शकतो व तींतील आपल्या नांवाची ओळ पुसूं शकतो. शिवाय हा घुसखोर मोठा सावध होता. आंत शिरतांच दुसरें कोण काम करीत आहे हें तो प्रथम पाही. यंत्रांतच पाळत ठेवली असती तर ती त्यास दिसली असती. स्टॉल यांनीं यावर साधा तोडगा काढला. बाहेरून संगणकाकडे येणाऱ्या सुमारें पन्नास तारांवर त्यांनीं सहकाऱ्यांच्या टेबलांवरून आणलेलीं छापण्याचीं यंत्रें जोडून दिलीं. तारेवरून जाणारें प्रत्येक अक्षर कागदावर उमटूं लागलें. कागदावर जाण्यास वाट होती. कागदावरून परत फिरून अक्षर पुसण्यास वाट नव्हती. त्याखेरीज, वेधशाळेंतील संवयीप्रमाणें, रोज काय पाहिलें तें ते आपल्या वहींतही लिहून ठेवीत.

हें काम कित्येक महिने चाललें. त्या कागदांवरून दिसून आलें कीं, घुसखोर या संस्थेंतून पुढें अमेरिकेच्या लष्करी व सरकारी संगणकांकडे जातो. त्यानें सुमारें ४५० यंत्रांचीं दारें ठोठावलीं आणि त्यांपैकीं ३० हून अधिक उघडलीं. अखेरीस टेलिफोनच्या तारा धरून माग काढतां काढतां तो पश्चिम जर्मनींतील हॅनोव्हर शहरांत जाऊन पोहोंचला. तेथील एक तरुण व त्याचे साथीदार मिळविलेली माहिती सोव्हिएट गुप्तहेर खात्यास विकीत होते. १९९० सालीं जर्मन न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें. स्टॉल यांनीं १९८९ सालीं या हकीकतीवर ग्रंथ लिहिला व त्यास कोकिळेच्या अंड्याचेंच नांव दिलें.

या हकीकतींत पराक्रमाचा भाग पुष्कळ आहे, पण विचार करण्याजोग्या गोष्टी तीनच. पहिली ही कीं, दोन स्वतंत्र हिशेब होते म्हणूनच फरक दिसला. एकच वही असती तर ती स्वतःशीं नेहमींच जुळली असती. दुसरी ही कीं, खरी नोंद घुसखोराच्या हाताबाहेर ठेवली गेली. आणि तिसरी, सर्वांत साधी गोष्ट ही कीं, कोणी तरी ती वाचली.

नोंद उपयोगी पडावयाची तर तींत काय असावें, हें शाळेच्या हजेरीपटावरून चांगलें समजतें. 'आज कांहीं मुलें आलीं नाहींत' या नोंदीचा उपयोग नाहीं. कोणता मुलगा, कोणत्या दिवशीं, हें पाहिजे. यंत्राच्या नोंदींतही कोणी, केव्हां, कोठून, कोणत्या वस्तूवर, काय केलें आणि तें साधलें कीं फसलें, या सहा प्रश्नांचीं उत्तरें असावीं लागतात. शेवटचा प्रश्न बहुधा विसरला जातो. दार उघडून आंत गेलेल्याची नोंद सर्व ठेवतात; कुलपाशीं दहा वेळां खटपट करून परत गेलेल्याची ठेवीत नाहींत. परंतु चोरीची पहिली खूण बहुधा त्या फसलेल्या खटपटींतच असते.

'केव्हां' या प्रश्नासाठीं घड्याळें जुळलेलीं असावीं लागतात. दोन स्टेशनांवरील घड्याळांत सात मिनिटांचें अंतर असेल तर गाडी निघण्यापूर्वींच पोहोंचल्याची नोंद होईल. एका संस्थेंत शेंकडों यंत्रें असतात, आणि प्रत्येकाचें घड्याळ आपल्या मतानें चालूं लागलें तर कारण कोणतें व कार्य कोणतें हेंच ठरवितां येत नाहीं. त्याचप्रमाणें 'कोणी' या प्रश्नासाठीं प्रत्येक माणसाचें खातें निराळें पाहिजे. एकच परवलीचा शब्द चौघे कारकून वापरीत असतील तर वहींत एकाचेंच नांव येईल. अपराध कोणाचा हें कळणार नाहीं, आणि उरलेल्या तिघांचा निरपराधपणाही सिद्ध होणार नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नोंदवही चोर धरण्यासाठीं असते असें लोकांस वाटतें. प्रामाणिक माणसास वांचविणें हें तिचें तितकेंच मोठें काम आहे.

नोंद पुसली गेली तर काय होतें, याचें उदाहरण आपल्या शेजारच्या देशांत घडलें. २०१६ च्या फेब्रुवारींत बांगलादेश बँकेच्या यंत्रांत चोर शिरले आणि त्यांनीं न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेस पैसे पाठविण्याच्या ३५ आज्ञा बँकेच्या नांवानें धाडल्या. रक्कम सुमारें ९५ कोटी डॉलर होती. बँकेच्या कचेरींत असा प्रत्येक संदेश आपोआप कागदावर छापणारें यंत्र होतें. ती तेथील रोजकीर्दच म्हणावयाची. चोरांच्या आज्ञावलीनें संगणकांतील नोंदी तर खोडल्याच, पण हें छापण्याचें कामही बंद पाडलें. शुक्रवार हा तेथें सुटीचा दिवस. यंत्र नेहमींप्रमाणें नादुरुस्त झालें असावें असें समजून हाताखालच्या लोकांनीं तें तसेंच राहूं दिलें. यंत्र पुन्हा चालूं लागलें तेव्हां न्यूयॉर्कहून आलेले चौकशीचे संदेश बाहेर पडूं लागले; परंतु तोंवर अमेरिकेंत आठवड्याची सुटी लागली होती. बहुतेक आज्ञा न्यूयॉर्क येथेंच अडल्या. श्रीलंकेकडे गेलेले २ कोटी डॉलर एका चुकलेल्या स्पेलिंगामुळें परत मिळाले. फिलिपाईन्सकडे गेलेल्या ८ कोटी १० लाख डॉलरांचा बराच मोठा भाग गेला तो गेलाच. रोजकीर्द लिहिली जाणें एकाएकीं थांबलें, हीच त्या दिवसांतील सर्वांत मोठी नोंद होती. ती कोणी वाचली नाहीं.

म्हणून सुज्ञ व्यवस्थेंत नोंद होतांच तिची प्रत दुसऱ्या यंत्राकडे धाडतात, आणि त्या यंत्रावर पहिल्या यंत्राच्या व्यवस्थापकाचा कांहीं अधिकार चालत नाहीं. याहून एक सुंदर युक्ति आहे, आणि ती आपल्या कीर्दीस मुळींच परकी नाहीं. कीर्दींत कालची शिल्लक आज पुढें ओढतात. त्यामुळें महिन्यापूर्वींच्या पानावर कोणी एक आंकडा बदलला तर त्यानंतरच्या प्रत्येक पानाची शिल्लक चुकते. संगणकांतही प्रत्येक नोंदीपासून गणितानें एक खूण काढतात, ती पुढील नोंदींत मिसळतात, आणि तिच्यापासून तिच्या पुढच्या नोंदीची खूण काढतात. मधली एक ओळ बदलली कीं पुढच्या सर्व खुणा बिघडतात. अर्थात् सारी वहीच नव्यानें लिहून काढणारा चोर असूं शकतो. म्हणून ताजी खूण वेळोवेळीं परक्या हातीं ठेवावी लागते.

इतकें करूनही वाचणारा नसेल तर सर्व व्यर्थ. २०१३ सालीं अमेरिकेंतील टार्गेट या दुकानदार कंपनीच्या यंत्रांतून सुमारें ४ कोटी गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. तेथें नोंदी होत्या, धोक्याची सूचना देणारें यंत्र होतें, त्यानें सूचनाही दिली. बंगळूर येथें बसून पहारा करणाऱ्या मंडळींनीं ती पाहिली व अमेरिकेंतील मुख्य कचेरीस कळविली. पुढें कोणी हालचाल केली नाहीं. दोष केवळ आळसाचा नव्हे. मोठ्या संस्थेंत दिवसाकाठीं कोट्यवधि नोंदी होतात आणि सूचनांचा सुकाळ झाला म्हणजे खऱ्या सूचनेचेंही कोणास कांहीं वाटेनासें होतें. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या पोराची गोष्ट येथें यंत्राच्या बाबतींत खरी ठरते.

या ढिगांतून नेमकें वाचावयाचें कसें, याचा विचार जेम्स अँडरसन यांनीं १९८० सालीं लिहिलेल्या अहवालांत मांडला आणि डोरोथी डेनिंग यांनीं १९८७ सालीं त्यास शास्त्रीय रूप दिलें. कल्पना अशी कीं, प्रत्येक माणसाची कामाची एक रीत असते. जो कारकून रोज दहा ते पांच काम करून वीस खातीं उघडतो, त्यानें एका रात्रीं दोन वाजतां दोन हजार खातीं उघडलीं, तर यंत्रानें तेवढीच ओळ वेगळी काढून तपासनिसापुढें ठेवावी. ती चोरी आहे कीं वर्षअखेरचें काम आहे, हें मात्र माणसानें ठरवावें.

येथवर नोंद खरी असते असें गृहीत धरलें. तें गृहीत किती महाग पडतें हें ब्रिटनमध्यें दिसून आलें. तेथील पोस्ट ऑफिसनें १९९९ पासून 'होरायझन' नांवाची संगणक-यंत्रणा आपल्या शाखांत बसविली. ती फुजित्सु या कंपनीनें चालविलेली होती. खेड्यापाड्यांतून छोट्या दुकानांतच टपालाची शाखा चालविणाऱ्या लोकांच्या हिशेबांत तूट दिसूं लागली. तूट भरून देण्याची जबाबदारी शाखाचालकावर. कित्येकांनीं घरें गहाण टाकून पैसे भरले. ज्यांना तें जमलें नाहीं त्यांवर खटले झाले. यंत्राचा आंकडा हाच पुरावा. नऊशेंहून अधिक लोक या यंत्राच्या साक्षीवर दोषी ठरले. कांहीं तुरुंगांत गेले, कित्येकांचें दिवाळें निघालें, गांवांत चोर म्हणून नांव झालें तें निराळेंच.

२०१९ च्या डिसेंबरांत न्यायालयानें निर्णय दिला कीं, यंत्रणेंत दोष होते व त्यांमुळें खोटी तूट दिसूं शकत होती. त्याहून गंभीर गोष्ट ही कीं, कंपनीचीं माणसें दुरून शाखेच्या हिशेबांत नोंद घालूं शकत होतीं, आणि शाखाचालकास त्याचा पत्ताही लागत नसे. यंत्राच्या तपशीलवार मूळ नोंदी होत्या, पण त्या शाखाचालकास स्वतः पाहतां येत नसत. म्हणजे ज्याच्यावर आरोप त्यास वही दिसत नव्हती, आणि ज्याच्या हातीं वही होती त्याचाच हात तींत चालत होता. २०२१ सालीं अपील न्यायालयानें ३९ जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या, आणि २०२४ सालीं पार्लमेंटनें कायदा करून उरलेल्यांपैकीं बहुतेकांस दोषमुक्त केलें. तोंवर कित्येकांचें आयुष्य सरलें होतें.

या प्रकरणाचा बोध स्पष्ट आहे. नोंद ही न्यायाधीश नव्हे. ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे. मराठेशाहींतील कारभाऱ्यांस हें चांगलें ठाऊक होतें. पेशवाईंत मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस असे दरखदार नेमलेले असत. ते हाताखालचे खरे, पण त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे. काम करणारा एक आणि तें लिहून ठेवणारा दुसरा, व लिहिणाऱ्याची भाकरी करणाऱ्याच्या हातीं नाहीं, अशी ती योजना होती. संगणकाच्या व्यवस्थेंत आज जो नियम नवा म्हणून शिकविला जातो तो हाच आहे. यंत्राचा व्यवस्थापक सर्वांच्या नोंदी पाहतो. मग व्यवस्थापकाची नोंद कोणी पाहावी? त्याच्या अधिकाराबाहेरच्या माणसानें.

कायद्यानेंही आतां या गोष्टी आवश्यक केल्या आहेत. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या आदेशाप्रमाणें कंपन्यांनीं व सरकारी कचेऱ्यांनीं आपल्या यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या, घड्याळें राष्ट्रीय कालमापनाशीं जुळवावीं आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी. १ एप्रिल २०२३ पासून, कंपनीचे हिशेब संगणकावर ठेवावयाचे तर प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद आपोआप होणारी व बंद करतां न येणारी योजना असली पाहिजे, असाही नियम आहे. ती कार्यवाहींत आहे कीं नाहीं यावर हिशेबतपासनिसास अहवालांत लिहावें लागतें. पैशाच्या कार्डांच्या व्यवहारांत जगभर मानलेल्या नियमाप्रमाणें नोंदी १२ महिने ठेवाव्या लागतात, आणि शेवटच्या ३ महिन्यांच्या तर मागतांच दाखवाव्या लागतात. हे दिवस उगाच ठरविलेले नाहींत. चोर आंत शिरल्यावर तो सांपडण्यास कित्येकदां महिने लोटतात. आठ दिवसांनीं पुसल्या जाणाऱ्या नोंदी तोंवर उरतच नाहींत.

परंतु नियम पाळणें आणि राखण करणें या दोन गोष्टी एक नव्हेत. तपासनीस येणार म्हणून आदल्या रात्रीं भरलेला हजेरीपट नियमानें पूर्णच असतो. तसेंच सर्व कांहीं लिहून ठेवणें म्हणजेही शहाणपण नव्हे. २०१८ च्या मे महिन्यांत ट्विटर या कंपनीस आपल्या ३३ कोटी लोकांस परवलीचे शब्द बदलण्याची विनंती करावी लागली, कारण ते शब्द कंपनीच्या आंतील नोंदवहींत उघड अक्षरांनीं लिहिले गेले होते. तिजोरीच्या किल्लीचा ठसा रोजकीर्दींत काढून ठेवण्यापैकींच तो प्रकार. शिवाय माणसाच्या प्रत्येक हालचालीची नोंद म्हणजे माणसावर सतत पाळत. कामापुरतें लिहावें, मुदत संपतांच नष्ट करावें, आणि वही कोणी उघडली याचीही नोंद ठेवावी, एवढी मर्यादा पाळली तरच पहारा हा जाच होत नाहीं.

सामान्य माणसाच्या हातीं यांतलें काय आहे? बँकेनें दिलेला हिशेब महिन्याकाठीं आपल्या टिपणाशीं ताडून पाहणें, आणि एक रुपया चुकला तरी विचारणें. त्याच्या घरची चार ओळींची वही हाच तो दुसरा, स्वतंत्र हिशेब. कचेरींत बसणाऱ्यानें आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास देऊं नये; देतो तो आपलें नांवच उसनें देतो. आणि ज्यांच्या हातीं कारभार आहे त्यांनीं रोज एक प्रश्न स्वतःस विचारावा: कालच्या नोंदी कोणी वाचल्या? त्याचें नांव सांगतां आलें नाहीं, तर कीर्द कितीही मोठी असली तरी तिचा मेळ बसलेला नाहीं, आणि मुनिमास घरीं जाण्याची वेळ अजून झालेली नाहीं.